एनिडचा कान, ऑलिव्हचे ओठ

लोक दिवसभर बोलतात तरी काय, असं कुणी एनिड एंटविसलला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, काही नाही. कप्पाळ! चहा झाला का, बस चुकली, पाय दुखतात, तो आला, ती गेली. गेली काही वर्षं ती हार्लक्रॉफ्टमधल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून परक्या माणसांचं बोलणं टाइप करत होती, आणि तेवढ्या काळात एक शहाणं वाक्य तिच्या कानावर पडलं नव्हतं. कानाला हेडफोन, पायाखाली टेप मागेपुढे करायचं पेडल, समोर विद्यापीठानं दिलेलं यंत्र. पाय दाबला की बाई बोलायला लागते, पाय उचलला की गप्प. नवऱ्याच्या बाबतीत ही सोय नाही, असं ती शेजारणींना सांगायची. पण ते उगाच. विल्फ मुळातच फारसा बोलायचा नाही.

विद्यापीठातल्या मिस पॉमफ्रेटना इंग्रज माणूस घरात, दुकानात, बसस्टॉपवर खरोखर कसा बोलतो ते गोळा करायचं होतं. पुस्तकातलं नको, खरं. म्हणून त्यांनी गावोगावच्या लोकांच्या कमरेला छोटे टेपरेकॉर्डर अडकवले आणि टेपा एनिडसारख्या जुन्या टायपिस्ट बायकांकडे पाठवल्या. जसं बोललंय तसंच उतरवायचं. सुधारायचं नाही, अर्धं राहिलेलं पुरं करायचं नाही, आपल्याला लाज वाटली म्हणून गाळायचं नाही. बोलणारा गप्प झाला तर कंसात 'थांबला' लिहायचं. वर आणखी एक काम. कागदावरच्या प्रत्येक 'मी', 'तू', 'तो', 'ती'खाली लाल पेन्सिलीची रेघ, आणि 'आणि'नं जोडलेल्या प्रत्येक क्रियापदाखाली निळी.

आता हे खूळ कशासाठी? आपल्याकडची बाई 'उठून, आवरून, चहा घेऊन निघाले' म्हणेल आणि 'मी'चं नावही काढणार नाही. शेवटच्या क्रियापदावरूनच कळतं कोण निघालं ते. इंग्रजांना ती सोय नाही. त्यांना वाक्याच्या तोंडाशी 'मी' लागतोच. पण तो एकदा लागला की मागचं सगळं आणि, आणि, आणि करत त्याच्याच जिवावर चालतं. मी उठले आणि आवरलं आणि चहा घेतला आणि निघाले. एका 'मी'वर माणूस किती कामं ओढतो, आणि दुसरा 'मी' कधी काढतो, एवढं मिस पॉमफ्रेटना मोजायचं होतं.

पहिल्या वर्षी एनिड मनातल्या मनात हसली. दुसऱ्या वर्षी तिला दिसायला लागलं की दमलेला माणूस 'मी' एकदाच म्हणतो आणि पुढचं नुसतं रेटत नेतो. आणि तोच भांडायला उठला की प्रत्येक कामाला नवा 'मी' लावतो. मी रांधलं आणि मी धुतलं आणि मी तुझ्या आईचं सगळं केलं. तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मिस पॉमफ्रेट म्हणाल्या, "हो ना, आमच्याही आकड्यांत तसंच दिसतंय." त्यानंतर तिला काही दिसायचं बंद झालं. लाल रेघ, निळी रेघ, निळी, निळी. मान आखडायची, डोळे चुरचुरायचे, आणि संध्याकाळी विल्फनं काही विचारलं तर त्याच्या वाक्याखालीसुद्धा रेघा दिसायच्या. कंटाळा म्हणावा तर तेवढंही अंगात राहिलं नव्हतं.

टायपिंग तिला ऑलिव्हमुळे आलं होतं. ऑलिव्ह तिची मोठी बहीण. दोघी लहान असताना आई म्हणाली होती, एकीचे तरी हात स्वच्छ राहू देत. मग ऑलिव्ह शाळा सोडून गिरणीच्या मागांवर गेली आणि तिच्या पगारातून धाकटी टायपिंगच्या वर्गाला गेली. पुढे दोघी एकाच गिरणीत होत्या, एक शेडमध्ये, एक ऑफिसात, आणि मधे जाड भिंत.

शेडमध्ये सगळे माग एकदम आपटायचे. शेजारी उभं राहून किंचाळलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून विणकर बायका आवाजाच्या भानगडीतच पडत नसत. ओठ ताणून, गाल हलवून, भुवया उडवून त्या शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा संसार बोलायच्या. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाला दिवस गेले, सगळं, आणि घशातून हूं की चूं नाही. विल्फ तिथं माग दुरुस्त करायचा. त्या कामात त्याचे कान गेले, पण ओठ वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढे गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, बायकांची सवय काही गेली नाही. चांगल्या शांत खोलीत बसलेल्या असल्या तरी कुणाच्या गर्भाशयाचा, कुणाच्या तुरुंगातल्या मुलाचा किंवा त्या आजाराचा विषय निघाला की आवाज आपोआप बंद आणि ओठ सुरू.

एनिडला हे कधी आलंच नाही. जेवणाच्या टेबलावर आई, मावशी आणि ऑलिव्ह ओठांनी बोलत, पोट धरधरून हसत, आणि ही मधे बसून एकीकडून दुसरीकडे बघत राही. विचारलं की "काही नाही गं, तू जेव." मग तीही बाकीच्यांबरोबर हसायला लागली, मान हलवायला लागली.

नोव्हेंबरात आलेल्या पिशवीत मॉरीन नावाच्या एका केस कापणारीची टेप होती. आपल्या गावची टेप आपल्याच टायपिस्टला द्यायची नाही, असा विद्यापीठाचा कडक नियम. पण मॉरीनचं दुकान हार्लक्रॉफ्टमध्ये आणि राहायला ती शेजारच्या गावी. चिठ्ठीवर तिच्या घरचं गाव लिहिलेलं. एनिडनं पेडल दाबलं. ड्रायरची घरघर, कात्रीची कटकट, आणि पलीकडून ओळखीचा आवाज, जरा बसलेला.

"मी मंगळवारी गेले आणि बसून राहिले आणि ती नळी घालून घेतली आणि घरी आले आणि दोन दिवस चहासुद्धा गिळवेना."

एनिडचा पाय पेडलवरून निघाला. ऑलिव्ह! असं चोरून ऐकणं बरं नव्हे, पिशवी बांधून परत पाठवावी, हे सगळं तिला त्याच क्षणी सुचलं. आणि तिनं पेडल दाबलं.

"मग काय म्हणाले ते?" मॉरीननं विचारलं.

उत्तर आलं नाही. कात्री थांबली. नुसती ड्रायरची घरघर.

"अगं देवा! ऑलिव्ह!"

"चालायचंच."

"एनिडला माहीत आहे?"

"तिला नाही सांगितलं आणि सांगणारही नाही. आणि तूही तोंडात गुळणी धर."

"पण का गं? सख्खी बहीण ती!"

पुन्हा घरघर. या वेळी बराच वेळ. मग घसा खरवडत ऑलिव्ह हसली आणि म्हणाली, "मागून जरा जास्त काप."

एनिडनं टेप मागे घेतली, पुन्हा ऐकली, आवाज वाढवून ऐकली. पहिल्या शांततेत काय होतं ते हार्लक्रॉफ्टमधल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एकच शब्द आहे तो, आणि त्या गावात अजून तो मोठ्यानं कुणी म्हणत नाही. पण दुसरी शांतता? 'का' या प्रश्नाचं उत्तर त्या घरघरीत होतं आणि ते आरशातून फक्त मॉरीनला दिसलं होतं. जगातल्या सगळ्यांचं बोलणं उतरवून घेणारी ही बाई, आणि सख्ख्या बहिणीनं आपल्याबद्दल काय सांगितलं ते हिला कंसात 'थांबली' असं टाइप करावं लागलं. तिनं तसं केलं. लाल रेघ मारली, निळ्या मारल्या, आणि मग पेन्सिल ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली.

गुरुवारी दोघी नेहमीप्रमाणे बाजारात भेटल्या. भाजी, लोकर, मग कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा आणि लोणी लावलेला भाजका पाव. ऑलिव्हनं पाव चहात बुडवून बुडवून मऊ केला. एनिड बघत होती.

"घसा अजून बसलेलाच तुझा."

"सर्दी गं."

"एवढे दिवस सर्दी?"

"माझी सर्दी आहे, मला हवी तेवढी वापरीन," ऑलिव्ह म्हणाली. "तुझं काय चाललंय? ती विद्यापीठातली पोरगी अजून तुला लोकांचे 'मी' आणि 'तू' मोजायला लावते? देवा रे! आणि त्याचे पैसे देतात. शेडमध्ये असलं काम असतं तर मी राणी झाले असते."

"डॉक्टरकडे गेलीस का?"

"कशाला? त्यांना काय उद्योग कमी आहेत?" आणि ऑलिव्हनं खिडकीबाहेर कुणाला तरी बघून ओठ हलवले. बाहेरून हिल्डानं, तिच्या शेडमधल्या जुन्या सोबतिणीनं, तसेच ओठ हलवून उत्तर दिलं आणि पिशवी सावरत पुढे गेली.

"काय म्हणाली?"

"काही नाही. पाय दुखतात म्हणाली."

एवढं सगळं फक्त पायांवर? एनिडला विचारायचं होतं. पण विचारायचं तर टेपचं सांगावं लागणार, आणि ऐकलेलं पोटात ठेवीन अशी सही तिनं करून दिलेली. काम जाईल ही धास्ती होतीच. खरी धास्ती वेगळी होती. ऑलिव्ह समोर बसून 'तुला का सांगू' म्हणाली तर? तिनं चहाचा कप उचलला आणि हवेबद्दल काहीतरी बोलली. बसमधून घरी येताना ती इतकी दमली होती की आपला स्टॉप आलेला तिला दिसला नाही.

विल्फ चुलीजवळच्या खुर्चीत होता. त्याच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड त्याच्याकडे करून बोलावं लागे. ती कोट न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"ऑलिव्हला बरं नाही. मोठं काहीतरी आहे. आणि ती मला सांगत नाही."

विल्फनं तिच्या तोंडाकडे बघितलं, मग चुलीकडे. "मला माहीत आहे," तो म्हणाला.

"तुला? तुला कसं माहीत?"

"तिनंच सांगितलं. ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली ना, त्याच आठवड्यात. इथं, या खोलीत."

"मी कुठं होते?"

 विल्फनं हात उचलून टेबलाकडे, यंत्राकडे बोट केलं. "तिथं. कानाला ते लावून. आमच्याकडे पाठ करून."

एनिड खुर्चीवर बसली. म्हणजे ही इथं कुणा परक्या बाईचा चहा आणि बस उतरवून घेत होती आणि पाठीमागे, हाताच्या अंतरावर, बहीण हिच्या नवऱ्याला ते सांगत होती. घशातून आवाज न काढता. आवाज काढला असता तरी काय, हेडफोन होताच.

"तू मला बोलला नाहीस."

"तिनं शपथ घातली."

"आणि तू पाळलीस! मोठा आलाय शपथ पाळणारा! नवरा कुणाचा तू?"

"ओरडू नकोस," विल्फ म्हणाला, "तोंड वेडंवाकडं होतं, मला वाचता येत नाही." आणि मग, "तिलाच विचार, बाई. जा. चहा मी करून घेतो."

ऑलिव्हचं घर टेकडीवरच्या गल्लीत. एनिडनं दार वाजवलं नाही, सरळ आत गेली. ऑलिव्ह इस्त्री करत होती. टेबलावर नव्या नाइटीची घडी, तिच्याखाली टॉवेल, तिच्याशेजारी छोटी बॅग.

"विल्फ बोलला वाटतं," ऑलिव्ह म्हणाली.

"त्याच्या आधी टेपवर ऐकलं. मॉरीनच्या."

ऑलिव्हनं इस्त्री उभी केली. "घ्या! म्हणजे विद्यापीठालाही कळलं. आता बातम्यांत यायचं तेवढं बाकी."

"थट्टा करू नकोस."

"मग काय करू? रडून दाखवू तुला?" ऑलिव्हचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मी गिरणीत गेले. मी ती कापसाची धूळ खाल्ली. मी आईला शेवटपर्यंत उचललं, धुतलं. मी एकटीनं त्या हॉस्पिटलात बसून ऐकून घेतलं. मी कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, एवढं तरी मला ठरवू दे की."

एनिड उभीच होती. ही बाई भांडतेय, हे एवढं तिच्या दमलेल्या डोक्याला कळलं, आणि भांडतेय ते बरंच आहे असंही वाटलं.

"काय करणार आहेत?"

"मंगळवारी कापणार. आवाजाची पेटीच काढून टाकणार. इथं भोक ठेवणार." तिनं गळ्याच्या खळीवर बोट ठेवलं. "श्वास त्यातनं. नाक नुसतं दिसायला."

"मग बोलणार कशी गं तू?"

"शेडमध्ये बोलायचे तशी. जन्म गेला माझा तसं बोलण्यात. हिल्डाला कळेल. मॉरीनला कळेल, तिची आई माझ्याच मागांवर होती. विल्फला कळेल. या अख्ख्या गल्लीत मला काही अडचण नाही." ऑलिव्ह आता तिच्याकडे बघत होती. "मी काय बोलते ते ज्या एका बाईला कळणार नाही ती तू आहेस, एनिड. तुला काय सांगायचं होतं मी? की मी मरणार नाही कदाचित, पण तुझ्यापुरती मेले म्हणून समज?"

तर हे होतं त्या घरघरीत. एनिडला वाटलं होतं राग असेल, जुना काही हिशेब असेल, आईनं तिचे हात स्वच्छ ठेवले त्याचा. राग असता तर बरं झालं असतं. राग ऐकता तरी येतो.

"मी शिकेन."

"या वयात?"

"शिकेन म्हणते ना!"

"तू मान हलवशील," ऑलिव्ह म्हणाली. "तू लहानपणापासून मान हलवतेस. आम्हाला काय कळत नव्हतं?" आणि तिनं इस्त्री पुन्हा उचलली.

तरीही उरलेल्या दिवसांत एनिड रोज तिथं गेली. ऑलिव्ह आवाज न काढता बोलायची, ती ओळखायचा प्रयत्न करायची, आणि दोघीही चिडायच्या. 'भांडं' म्हटलं की हिला 'पाव' दिसायचा. ती टेप एनिडनं विद्यापीठाला परत केली आणि झालं ते खरं सांगून टाकलं. मिस पॉमफ्रेट रागावल्या नाहीत. फक्त पुढच्या वेळी ओळखीचा आवाज आला की लगेच थांबा म्हणाल्या. टेप ठेवून घ्यावी असं एनिडच्या मनात आलं होतं. ऑलिव्हचा आवाज पुन्हा कुठं मिळणार होता? पण त्यात ती सगळं एनिडपासून लपवायलाच सांगत होती. तसला आवाज घरात ठेवून काय करायचं?

ऑपरेशन झालं. पहिले दिवस ऑलिव्ह नळ्यांमध्ये नुसती पडून होती. मग बसायला लागली. नर्सनं पाटी आणि खडू दिला होता, तो तिनं पायथ्याशी सारून दिला. तिला लिहिण्याचा मुळातच कंटाळा, आणि गरज तरी काय? हिल्डा आली आणि दोघींचं जे सुरू झालं! हात, भुवया, ओठ, आणि एका घशातूनही आवाज नाही. शेजारच्या खाटांवरच्या बायका बघत राहिल्या. हिल्डा हसून हसून डोळे पुसायला लागली. विल्फही हसला. एनिड त्यांच्यात बसून या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती, आणि बाकीचे हसले की हसत होती.

हिल्डा गेली. मग ऑलिव्ह एनिडकडे वळली आणि सावकाश, मोठं काहीतरी बोलली. एनिडला एक अक्षर कळलं नाही. तिनं मान हलवली. ऑलिव्ह थांबली, तिच्याकडे नीट बघितलं, आणि आणखी काहीतरी बोलली. एनिड हसली आणि पुन्हा मान हलवली.

विल्फला हसू आवरेना. "अगं, ती म्हणाली, उद्या मला या खिडकीतून खाली टाकशील का. आणि तू हो म्हणालीस!"

ऑलिव्ह मात्र हसली नाही. तिनं उशीवर डोकं वळवलं आणि खिडकीकडे तोंड केलं. शेडमधल्या माणसानं तोंड फिरवलं म्हणजे संपलं. पाठीशी बोलता येत नाही, हाकही मारता येत नाही. एनिडला तिचा फक्त कान दिसत होता, आणि मानेभोवतीची पट्टी.

"विल्फ, आधी काय म्हणाली ती? ते लांबलचक? सांग ना."

"नाही सांगणार," विल्फ म्हणाला. "तुला सांगितलंय ते. मला नाही."

एनिडला एकदम खूप थकल्यासारखं झालं. घरी जावं, दिवा घालवावा, पडून राहावं. कितीतरी वर्षं ती कळल्याचं सोंग करत आली होती आणि तेही काही कमी कष्टाचं नव्हतं. ती उठली. खाट आणि खिडकी यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा होती, त्यात एक लोखंडी स्टँड. तिचा कोट अडकला, तिनं तो ओढून सोडवला, अंग चोरत पलीकडे गेली आणि खिडकीला पाठ लावून ऑलिव्हच्या तोंडासमोर उभी राहिली. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मला काही कळलं नाही. आत्ताचं नाही, मघाचं नाही, आईच्या टेबलावरचंही नाही. कधीच काही कळलं नाही. परत सांग."

ऑलिव्हनं डोळे मिटले.  मग उघडले आणि ओठ हलले.

तोंड मोठं उघडलं आणि मागे ओढलं गेलं. 'आय'. हा 'मी' एनिडला दिसला. याच्याखाली रेघा मारण्यात तिची नजर झिजली होती. मग काहीतरी निसटलं. मग जीभ दातांमागे टेकली आणि सुटली: 'अँड', म्हणजे 'आणि'. मग पुन्हा काहीतरी निसटलं, पुन्हा 'आणि'. वाक्याचा सांगाडा तिला पाठ होता. इतकी वर्षं तेच तर केलं होतं. 'मी' एकदाच आला होता. भोकं होती ती क्रियापदांची.

"थांब. पहिलं. मी काय? मी गेले?"

ऑलिव्हनं नकार दिला आणि पुन्हा ओठ हलवले.

"मी आले. कुठं आले? माझ्याकडे? बरं. मी आले आणि... परत सांग. आणि काय? बसले? नाही? उभी राहिले. आणि?"

ऑलिव्हनं हात उचलून खाटेच्या लोखंडी पाठीवर ठेवला.

"आणि हात ठेवला. माझ्यावर? नाही. खुर्चीवर. माझ्या खुर्चीवर. आणि?"

आता ओठ पुढे आले, आणि बोट एनिडच्या छातीकडे.

"तू. म्हणजे मी. मी काय केलं?"

ऑलिव्हनं आपला तळवा वर केला, मागे न बघता, असा. 'एक मिनिट'.

एनिडला आठवेना. तिनं खरंच आठवून बघितलं. हेडफोनात कुणीतरी बोलत असणार, मागे कुणीतरी आल्यासारखं वाटलं असणार. विल्फ चहा मागतोय असं वाटलं असणार. रोजचंच. असा हात ती रोजच वर करत असणार.

"मी थांब म्हटलं," ती म्हणाली. "आणि तू?"

ऑलिव्ह बोलली. एनिडनं दोनदा विचारलं, मग कळलं: आणि थांबले. मग तेच ओठ पुन्हा तसेच हलले. एनिडला वाटलं आपण चुकलो, पण नाही, तेच होतं. आणि थांबले. मग विल्फकडे बोट, आणि त्याला सांगितलं.

खिडकीची काच पाठीला गार लागत होती. विल्फ खाटेच्या दुसऱ्या बाजूला आपल्या हातांकडे बघत बसला होता. एनिड खाली वाकली, अगदी बहिणीच्या तोंडाजवळ.

"आणि?"

ऑलिव्हचे ओठ हलले, आणि घरी गेले. हे शेवटचं मात्र तिला एकदाच सांगावं लागलं.